एक तास बारा मिनिटांवर

धडगावात माझं झेरॉक्सचं दुकान.
जातीचे दाखले, वनदाव्यांच्या फायली,
कधी लग्नपत्रिकेवर नवरदेवाचा फोटो.
बाजारच्या दिवशी वेस्ता पावरा आला,
खांद्यावर आमचूरची थैली,
ओंजळीत नातवाचा मोबाइल,
शेजारून निखारा मागून आणावा तसा.

म्हणाला, यातून माझं शेत काढून दे.

सिनेमा होता. मीही पाहिलेला, नंदुरबारला,
शाळा बुडवून.
हिरो उघड्या छातीने ओरडतो, ही माती आमची,
आणि वनखात्याचा हद्दीचा दगड
एका हाताने उपटून दरीत भिरकावतो.
आम्ही शिट्ट्या मारल्या होत्या.
थर्माकोलचा होता तो, वेस्ता म्हणाला,
पुढं वर्षभर आमच्या कोंबड्या त्याच्यावर बसत.
खरा दगड शेताच्या वरल्या अंगाला.
त्याच्यावर नंबर आहे. तो हलत नाही.

शूटिंगवाले आले दोन हजार चारला, दिवाळीनंतर.
वेस्ता नवा टेरिकॉटचा शर्ट घालून गेला,
त्यांनी तो काढायला लावला.
हिरोला काळा करायला दोन माणसं होती.
झोपडी त्यांनी त्यांचीच बांधली, तीनदा जाळली,
तिसऱ्यांदा धूर बरा आला.
सायकीबाईला कुणी काहीच सांगितलं नाही.
ज्वारी पिकली होती,
ती कापत राहिली.

आता दाव्याला पुरावा हवा:
तेरा डिसेंबर दोन हजार पाचच्या आधी
ही जमीन कसत होतास, दाखव.
दंडाच्या पावत्या वाळवीने खाल्ल्या,
साक्षीचे म्हातारे एकेक करून गेले.
उरला सिनेमा.
सुरुवातीलाच सेन्सॉरचं प्रमाणपत्र, त्यावर तारीख,
जून दोन हजार पाच, खाली सरकारी सही.
मी म्हटलं, काका, हे तर सोनं आहे!

तळोद्याच्या साहेबांनी नीट पाहिलं म्हणे.
सिनेमातल्या साहेबासारखे नाहीत ते, मिशा नाहीत,
खुर्ची दिली, चहा दिला.
मग प्रमाणपत्रामागून येणारी पाटी
बोट ठेवून, सावकाश वाचून दाखवली:
या चित्रपटातील सर्व पात्रे, घटना व स्थळे काल्पनिक आहेत.
स्थळेसुद्धा, बाबा.
काल्पनिक म्हणजे?
म्हणजे नसलेलं.
घरी येऊन त्याने हे सायकीबाईला सांगितलं.
ती भाकरी थापत होती. थापत राहिली.

एक तास बारा मिनिटांवर मी सिनेमा थांबवला.
हिरोचं तोंड उघडं, दात स्वच्छ.
त्याच्या कानामागे वाकड्या फांदीचा महू,
बांध, बांधावर तीन धोंडे,
आणि ओणवी सायकीबाई, विळा अर्ध्यात,
मुठीतली कणसं मोजता यावीत इतकी स्पष्ट.

वेस्ता बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, हा मधला माणूस काढता येईल?

काढला मी. कडेकडेने, माऊस हळू फिरवत,
आधी कान, मग खांदा, मग वर उचललेला हात.
प्रिंट निघाली तर शेताच्या मधोमध
त्याच्याच आकाराचं पांढरं भोक.
हे नाही चालायचं, मी म्हटलं,
साहेब विचारतील, इथे काय होतं?
वेस्ताने कागद दारातल्या उजेडात धरला.
तेवढं पडीक लिही, म्हणाला.
औंदा पेरतो.

आणि तीन प्रती काढ.
एक तळोद्याला, एक ग्रामसभेला.
तिसरी?
सायकीला. तिने तो सिनेमा पाहिलेला नाही.
सुट्टे शोधायला त्याने थैलीचं तोंड सोडलं,
दुकानभर आंबट वास झाला,
आणि रांगेतला मागचा माणूस म्हणाला,
उरका की राव, लाईट जाईल.